हायस्कूलमध्ये एपीचे विषय किती घ्यावेत?

अमेरिकेतल्या बहुतेक हायस्कूलमध्ये पुढच्या वर्षाच्या विषयनिवडीचे अर्ज हिवाळ्यात, साधारण जानेवारी ते मार्च या काळात भरून घेतले जातात. न्यू जर्सीतले एडिसन असो, कॅलिफोर्नियातले फ्रीमाँट असो की डॅलसजवळचे फ्रिस्को, त्या आठवड्यांत मराठी घरांमध्ये एक प्रश्न हमखास निघतो: ‘यंदा एपी किती घेणार?’ अमक्याच्या मुलीने बारावीपर्यंत अकरा केले आणि तिला बर्कलीला प्रवेश मिळाला, तमक्याने सातच केले आणि त्याला नाही मिळाला, असे दाखले लगेच पुढे येतात आणि मूल दहावीत जाण्याआधीच घरात एक आकडा ठरून जातो. हा आकडा ठरवण्यापूर्वी विद्यापीठे या विषयांकडे नेमके कसे पाहतात, कुठे त्यांची संख्या खरोखर महत्त्वाची ठरते आणि कुठे ती वाढवून हाती फारसे काही लागत नाही, हे समजून घेणे मुलाच्या चार वर्षांच्या दृष्टीने फार गरजेचे आहे.

एपी म्हणजे ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचे हे विषय हायस्कूलमध्येच शिकवले जातात. एसएटी ही प्रवेशपरीक्षा घेणारी कॉलेज बोर्ड ही संस्था १९५५ पासून हा कार्यक्रम चालवते आणि आज त्यात सुमारे ४० विषय आहेत. प्रत्येक विषयाचे दोन भाग असतात आणि ते वेगळे ठेवून पाहिले नाहीत तर पुढचा सगळा हिशेब चुकतो. पहिला भाग म्हणजे वर्षभराचा वर्ग. त्याची ग्रेड शाळेतले शिक्षक देतात आणि ती ट्रान्सक्रिप्टवर, म्हणजे चार वर्षांच्या गुणपत्रकावर, उमटते. दुसरा भाग म्हणजे मे महिन्यात कॉलेज बोर्ड घेते ती परीक्षा. तिचे गुण १ ते ५ या श्रेणीत असतात आणि निकाल जुलैमध्ये लागतो. विद्यापीठांचे अर्ज बारावीच्या नोव्हेंबरपासून जानेवारीच्या सुरुवातीपर्यंत जातात आणि बहुतेक निर्णय मार्चअखेरपर्यंत लागतात. म्हणजे बारावीत घेतलेल्या एपीच्या परीक्षेचा निकाल प्रवेशाचा निर्णय होऊन गेल्यावर येतो. अर्ज वाचणाऱ्याला त्या विषयांची नावे आणि फार तर पहिल्या सत्राची ग्रेड दिसते. थोडक्यात, प्रवेशासाठी मुख्यतः वर्ग आणि त्यातली ग्रेड उपयोगी पडते, तर प्रवेश मिळाल्यानंतर क्रेडिट मिळवण्यासाठी, म्हणजे तो विषय महाविद्यालयात झाला असे धरले जाण्यासाठी, मेमधली परीक्षा उपयोगी पडते.

काही शाळांमध्ये एपीऐवजी इंटरनॅशनल बॅकलॉरिएट, म्हणजे आयबी, असते, तर काही ठिकाणी मुले जवळच्या कम्युनिटी कॉलेजचे विषय हायस्कूलमध्ये असतानाच करतात. यापुढे जे सांगितले आहे ते थोड्याफार फरकाने त्यांनाही लागू पडते. फक्त कम्युनिटी कॉलेजात मिळालेली ग्रेड ही मुलाच्या महाविद्यालयीन नोंदीत कायमची राहते, त्यामुळे तिथे ‘बघू तरी जमतंय का’ म्हणून नाव घालू नये.

आपल्यापैकी बहुतेकांची जडणघडण दहावी-बारावीचे टक्के, सीईटी किंवा जेईईचे गुण आणि कट-ऑफ यांच्यात झालेली आहे. तिथे एक आकडा होता, त्या आकड्याच्या वर प्रवेश होता आणि खाली नव्हता. अमेरिकेतली चुरशीची विद्यापीठे अर्ज सर्वांगाने वाचतात आणि त्यांनी एपीच्या संख्येचा असा कोणताही कट-ऑफ ठरवलेला नाही. मात्र जुनी सवय लवकर सुटत नाही आणि टक्क्यांच्या रिकाम्या जागी पालक नकळत एपीची संख्या बसवतात.

प्रवेश अधिकारी ही संख्या सुटी पाहत नाहीत. ट्रान्सक्रिप्टबरोबर शाळेचा काउन्सेलर शाळेची माहिती देणारे एक पत्रक पाठवतो. त्यात शाळेत कोणते प्रगत विषय उपलब्ध आहेत, ते कोणत्या इयत्तेपासून घेता येतात, त्यांच्या संख्येवर शाळेने मर्यादा घातली आहे का, ग्रेड कशा दिल्या जातात, हे सगळे असते. शेकडो विद्यापीठे स्वीकारतात त्या ‘कॉमन ॲप’ अर्जातल्या काउन्सेलरच्या भागात तर या विद्यार्थ्याने निवडलेले विषय याच शाळेतल्या महाविद्यालयाकडे जाणाऱ्या इतर मुलांच्या तुलनेत किती कठीण होते, असा थेट प्रश्न आहे आणि ‘सर्वांत कठीण’पासून खाली जाणाऱ्या पाच पर्यायांतून एक निवडायचा असतो. त्यामुळे ज्या शाळेत एकूण सहाच एपी आहेत तिथल्या मुलीने त्यांतले पाच घेतले असतील, तर तिने शाळेत मिळण्यासारखे जवळजवळ सगळे घेतले, असे वाचले जाते. पंचवीस एपी असलेल्या शाळेतल्या मुलाचे पाच निराळे वाचले जातात. खेड्यातल्या एखाद्या शाळेत एकही एपी नसेल, तर तिथल्या मुलाला त्याबद्दल दोष दिला जात नाही. वॉशिंग्टन परिसरातल्या आठ खासगी शाळांनी २०१८ मध्ये एपी टप्प्याटप्प्याने बंद करून स्वतःचे प्रगत अभ्यासक्रम शिकवण्याचे जाहीर केले. विद्यापीठे अर्ज शाळेच्या संदर्भात वाचतात हे ठाऊक नसते, तर चुरशीच्या विद्यापीठांत मुले पाठवणाऱ्या या शाळांनी असे पाऊल उचलले नसते.

म्हणून आकडा ठरवण्यापूर्वी काउन्सेलरला एक प्रश्न जरूर विचारावा: ‘या शाळेत सर्वांत कठीण विषयनिवड असा शेरा मिळण्यासाठी साधारण काय घेतलेले असावे लागते?’ याचे उत्तर शाळेगणिक बदलते आणि ते पुष्कळदा पालक समजतात त्याहून कमी निघते. दुसरी गोष्ट घरबसल्या करता येते. बहुतेक अमेरिकन विद्यापीठे दरवर्षी ‘कॉमन डेटा सेट’ नावाचे माहितीपत्रक प्रसिद्ध करतात. त्यातल्या ‘सी ७’ या तक्त्यात विषयांची काठिण्यपातळी, जीपीए (म्हणजे सगळ्या ग्रेडची सरासरी), निबंध, शिफारसपत्रे, शाळेबाहेरचे उपक्रम यांना ते विद्यापीठ किती महत्त्व देते हे लिहिलेले असते. चुरशीच्या विद्यापीठांत काठिण्यपातळीसमोर बहुधा ‘अतिशय महत्त्वाचे’ असा पर्याय असतो आणि तोच शेरा इतर दोन-चार गोष्टींसमोरही असतो. काठिण्यपातळी महत्त्वाची नाही असे कोणी समजू नये. परंतु तिच्यासाठी बाकीच्या ‘अतिशय महत्त्वाच्या’ गोष्टी गमावणे शहाणपणाचे नाही, हे त्या तक्त्यावरून दिसते.

आता संख्येबद्दल. चॅपल हिल इथल्या नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठाने आपल्याच विद्यार्थ्यांची माहिती तपासली, तेव्हा हायस्कूलमध्ये महाविद्यालयीन दर्जाचे विषय घेतलेल्यांची पहिल्या वर्षाची कामगिरी पाच विषयांपर्यंत सुधारत जाते आणि त्यापुढे वाढवलेल्या विषयांनी तीत लक्षणीय भर पडत नाही, असे आढळले. त्यानंतर त्या विद्यापीठाने पाचपेक्षा जास्त विषयांचा आम्ही आग्रह धरत नाही, असे उघडपणे सांगितले. पुढे कॉलेज बोर्डाच्या संशोधकांनीही चार ते सहा परीक्षांनंतर फायदा सपाट होत जातो, असा निष्कर्ष मांडला. हा कार्यक्रम स्वतः चालवणाऱ्या संस्थेकडून तो आल्यामुळे त्याला वजन आहे. अर्थात हे निष्कर्ष महाविद्यालयातल्या पुढील यशाबद्दलचे आहेत. सहावा विषय घेतल्याने प्रवेशाची शक्यता वाढते की नाही, याचे उत्तर त्यांतून मिळत नाही. भरपूर एपी देणाऱ्या शाळेतून स्टॅनफर्ड किंवा एमआयटीसारख्या ठिकाणी अर्ज करणाऱ्यांचे विषय बहुधा पाचाहून अधिक असतात, हेही खरे आहे. तरीही आठव्या विषयानंतर नववा, दहावा आणि अकरावा घेतल्याने अर्ज वाचणाऱ्याच्या मनात पडणारी भर प्रत्येक पायरीवर कमी होत जाते आणि मुलाकडून वसूल होणारी किंमत मात्र वाढत जाते, असे माझे स्पष्ट मत आहे.

संख्येपेक्षा कोणते विषय घेतले याला मी अधिक महत्त्व देतो. अमेरिकन हायस्कूलचा कणा पाच विषयांचा आहे: इंग्रजी, गणित, विज्ञान, इतिहास-समाजशास्त्र आणि परकीय भाषा. अभियांत्रिकीकडे जाऊ इच्छिणाऱ्या मुलाच्या ट्रान्सक्रिप्टवर कॅल्क्युलस बीसी आणि फिजिक्स सी (गणित आणि भौतिकशास्त्रातले वरच्या पातळीचे एपी) असतील, इंग्रजी आणि इतिहासातही त्याने एकेक एपी नीट केलेला असेल, तर मानवी भूगोल, मानसशास्त्र आणि पर्यावरणशास्त्र हे तीन केवळ आकडा वाढवण्यासाठी जोडल्याने त्याचे चित्र फारसे बदलत नाही. ज्या मुलीला मानसशास्त्रातच रस आहे तिच्यासाठी मात्र तोच एपी पहिल्या क्रमांकाचा ठरावा.

यात गणिताचा रस्ता लवकर ठरतो आणि पालकांच्या ते उशिरा लक्षात येते. नेहमीचा क्रम अल्जिब्रा १, जॉमेट्री, अल्जिब्रा २, प्रीकॅल्क्युलस आणि मग कॅल्क्युलस असा पाच वर्षांचा आहे. हायस्कूल चार वर्षांचे असल्यामुळे बारावीत कॅल्क्युलसपर्यंत पोहोचायचे तर अल्जिब्रा १ आठवीत व्हावे लागते आणि अकरावीतच कॅल्क्युलस घ्यायचे तर ते सातवीत. काही पालक मधला एखादा विषय उन्हाळ्याच्या सुट्टीत उरकून घेतात. ज्या मुलाचा पाया पक्का आहे त्याला हे झेपते. ज्याचे अल्जिब्रा २ घाईत झाले आहे तो मात्र कॅल्क्युलस बीसीमध्ये अडखळतो, आणि त्याचे कारण बहुतेक वेळा अपूर्णांक, घातांक आणि फलनांच्या आलेखांत सापडते, जे त्याच्याकडून कधी सवडीने घोटून घेतलेच गेले नाही.

ग्रेडचा प्रश्न इथेच येतो. साध्या वर्गात ‘ए’ बरा की एपीत ‘बी’? अनवेटेड जीपीएमध्ये ‘ए’चे ४ आणि ‘बी’चे ३ धरतात, मग विषय कोणताही असो. वेटेड जीपीएमध्ये पुष्कळ शाळा एपीच्या ‘ए’ला ५ आणि ‘बी’ला ४ देतात. त्यामुळे कागदावर एपीतला ‘बी’ आणि साध्या वर्गातला ‘ए’ सारखेच दिसतात. मुलाला त्या विषयात गती असेल, तर एखाद-दुसऱ्या ‘बी’ची भीती न बाळगता कठीण वर्ग घ्यावा. पण एका वर्षी एपी वाढवल्यामुळे तीन विषयांत ‘बी’ आणि चौथ्यात ‘सी’ येत असेल, तर त्या वाढीने काठिण्यपातळी सुधारली असली तरी अर्ज कमकुवत झाला आहे.

कॅलिफोर्नियाचे नियम वेगळे सांगावे लागतील, कारण तिथे आकड्याला एक ठरलेली सीमा आहे. युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, म्हणजे बर्कली, लॉस एंजेलिस, सॅन डिएगो वगैरेंचा समूह, एसएटी विचारातच घेत नाही. प्रवेशासाठीचा जीपीए ते दहावी आणि अकरावीच्या ग्रेडवरून काढतात आणि प्रगत विषयांचे जादा गुण जास्तीत जास्त आठ सत्रांपुरते मोजतात. त्यांतली दहावीची सत्रे चारपेक्षा जास्त धरत नाहीत. वर्षभराचा एक एपी म्हणजे दोन सत्रे, म्हणून दोन वर्षांत मिळून चार एपी झाले की जादा गुणांची मर्यादा संपते. नववीत घेतलेल्या एपीला या हिशेबात जादा गुण मिळतच नाहीत. अर्ज वाचताना एकूण प्रगत विषय किती आणि कसे केले हे पाहिले जाते, पण ते अनेक निकषांपैकी एक म्हणून. नववीतल्या मुलाला ‘बर्कलीसाठी आत्तापासून’ म्हणून दोन एपी घ्यायला लावणाऱ्या पालकांना हा नियम बहुधा ठाऊक नसतो.

टेक्सासमध्ये परिस्थिती उलट आहे, आणि तिथल्या पालकांची धास्ती समजण्यासारखी आहे. १९९७ च्या कायद्यानुसार शाळेतल्या वरच्या क्रमांकांच्या मुलांना राज्याच्या विद्यापीठांत आपोआप प्रवेश मिळतो. ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ही मर्यादा वरच्या ६ टक्क्यांची होती आणि २०२६ च्या प्रवेशांपासून ती ५ टक्के झाली आहे. क्रमांक वेटेड जीपीएवर लागत असेल, तर प्रत्येक विषयाचे वजन क्रमांकात उतरते. समजा, एका मुलीने सहा एपी घेतले आणि सगळ्यांत ‘ए’ मिळवला. तिची सरासरी ५.० येते. तिने सातवा विषय म्हणून ऑर्केस्ट्रा घेतला आणि त्यातही ‘ए’ मिळवला, तरी त्याचे वजन ४ असल्यामुळे सरासरी ३४ भागिले ७, म्हणजे सुमारे ४.८६ होते. उत्तम ग्रेड मिळवूनही क्रमांक घसरतो. काही शाळा-जिल्हे अशा विषयांना क्रमांकाच्या हिशेबातून वगळतात, काही वगळत नाहीत, म्हणून आपल्या जिल्ह्याचा नियम आधी वाचावा. मात्र आपोआप मिळणारा प्रवेश हा विद्यापीठाचा असतो. संगणकशास्त्र किंवा अभियांत्रिकीची जागा ठरवताना ऑस्टिनमध्ये संपूर्ण अर्ज पाहिला जातो, आणि तिथे सहा वर्षे मनापासून वाजवलेले व्हायोलिन अर्जाला आधार देऊ शकते. सरासरीतल्या त्या पॉइंट चौदासाठी ते सोडायला लावणे मला पटत नाही.

कोणत्याही राज्यात, आकडा ठरवण्याआधी एकदा मुलासमोर बसून दिवसाचे तास कागदावर मांडावेत. समजा, अकरावीतल्या मुलाची शाळा साडेआठला सुरू होते आणि बसने जाण्यायेण्यासकट त्याचे आठ तास जातात. किशोरवयीन मुलांना ८ ते १० तासांची झोप हवी, असे अमेरिकेतल्या निद्रावैद्यकाच्या तज्ज्ञ संस्थेचे म्हणणे आहे. त्यातले किमान ८ धरू. जेवणखाण, आंघोळ आणि घरच्यांशी दोन शब्द बोलणे यांना दोन तास. रोबोटिक्स, पोहणे किंवा नाटकाच्या तालमीला आणखी दोन. उरले चार. प्रत्येक एपीला रोज सरासरी एक तास आणि बाकीच्या विषयांना मिळून एक तास धरला, तर तीन एपी या चार तासांत बसतात. पाच घेतले तर दोन तास कुठून तरी आणावे लागतात आणि ते जवळजवळ नेहमी झोपेतून येतात. शनिवार-रविवार मदतीला असतात खरे, पण तिथे एसएटीची तयारी, स्पर्धा आणि मराठी शाळेतली मदतनिसी आधीच बसलेली असते. हे तास काल्पनिक आहेत; घरच्या कागदावर स्वतःच्या मुलाचे खरे तास लिहावेत, आणि ते आपण न भरता मुलाला भरू द्यावेत.

बारावीचा पहिला अर्धा भाग सर्वांत अवघड असतो, हे विषय निवडताना लक्षात राहत नाही. कॉमन ॲपचा ६५० शब्दांपर्यंतचा निबंध, प्रत्येक विद्यापीठाचे जोडनिबंध आणि कॅलिफोर्नियासाठी प्रत्येकी ३५० शब्दांपर्यंतची चार उत्तरे, हे सगळे ऑगस्ट ते डिसेंबरमध्ये लिहून व्हायचे असते. प्रत्यक्षात हा जवळजवळ एका जादा विषयाएवढा भार असतो.

ठोकताळा म्हणून माझा सल्ला असा: पुष्कळ एपी देणाऱ्या शाळेत नववीत एकही नाही किंवा फार तर एक, दहावीत एक किंवा दोन, अकरावीत तीन आणि बारावीत तीन, म्हणजे एकूण सात ते नऊ. दहावीच्या पहिल्या एपीत मूल कसे राहते हे पाहूनच अकरावीचा आकडा ठरवावा. ज्याला त्यातून उत्साह मिळाला त्याला चौथा घेऊ द्यावा आणि ज्याची दमछाक झाली त्याचा एक कमी करावा.

पैशांच्या दृष्टीने मात्र एपीची बाजू भक्कम आहे. टेक्सास आणि इलिनॉय या राज्यांनी कायद्यानेच सार्वजनिक विद्यापीठांना ३ किंवा अधिक गुणांना क्रेडिट देणे बंधनकारक केले आहे आणि फ्लोरिडातही ३ पासून क्रेडिट मिळते. सुमारे शंभर डॉलरच्या परीक्षेतून एकेका विषयाची फी वाचू शकते आणि चार-पाच विषय मिळून एक सत्र आधी पदवी घेणे शक्य होते. राज्याच्या विद्यापीठात जायचे नक्की असलेल्या मुलाने या कारणासाठी दोन एपी जास्त घेतले तर ते समजण्यासारखे आहे. खासगी विद्यापीठांत हा फायदा झपाट्याने आटतो. कॅलटेक एपीला क्रेडिट देत नाही, ब्राऊनमध्ये ते पदवीच्या अटींत मोजले जात नाही आणि एमआयटी निवडक विषयांनाच, उदाहरणार्थ कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ मिळाल्यास, क्रेडिट देते. मुलाला पुढे डॉक्टर व्हायचे असेल तर आणखी एक गोष्ट तपासावी: जीवशास्त्र, रसायनशास्त्र यांसारख्या पूर्वअटींच्या विषयांत एपीचे क्रेडिट सर्वच वैद्यकीय महाविद्यालये मान्य करत नाहीत, त्यामुळे ते विषय महाविद्यालयात पुन्हा घ्यावे लागू शकतात.

पुण्या-मुंबईहून थेट अमेरिकेतल्या पदवीसाठी अर्ज करणाऱ्यांनाही हीच चिंता असते. ज्या शाळेत एपी शिकवलेच जात नाहीत तिथल्या विद्यार्थ्याकडून त्यांची अपेक्षा नसते आणि राज्य मंडळ, सीबीएसई किंवा आयसीएसई यांच्या चौकटीतच त्याचे विषय वाचले जातात. बाहेरून एपीच्या परीक्षा देता येतात, पण बारावीचे गुण घसरू देऊन त्या देण्यात अर्थ नाही.

विषय घेतल्यावर तो झेपत नाही असे दिसले, तर शाळा सुरू झाल्यापासून पहिल्या काही आठवड्यांत तो बदलता येतो आणि ट्रान्सक्रिप्टवर त्याचा मागमूसही राहत नाही. त्या मुदतीनंतर सोडलेल्या विषयापुढे बहुतेक शाळा तशी नोंद करतात. म्हणून मुदतीची तारीख ऑगस्टमध्येच कॅलेंडरवर लिहून ठेवावी आणि पहिल्या दोन चाचण्यांनंतर मुलाशी शांतपणे बोलावे. बारावीत अर्ज पाठवल्यानंतर विषय सोडायचा असेल तर आधी काउन्सेलरशी बोलून विद्यापीठांना कळवावे लागते, कारण अर्जात लिहिलेले विषय पूर्ण होतील हे गृहीत धरूनच प्रवेश दिलेला असतो आणि उन्हाळ्यात जाणारा अंतिम ट्रान्सक्रिप्ट त्याच्याशी ताडून पाहिला जातो.